'मिलर्स क्रॉसिंग' देखणा, पण थंड? एका जुन्या आक्षेपाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोएन बंधूंचा 'मिलर्स क्रॉसिंग' (१९९०) पाहिलात, डोळ्यांचं पारणं फिटलं, पण मनाला काही भिडला नाही. मग जुनी परीक्षणं काढून वाचलीत, तर तिथेही हाच सूर दिसला. आणि अलीकडचं लिखाण वाचावं तर त्याला सरसकट अभिजात म्हणतात. मग खरं कुणाचं मानायचं, आणि समीक्षकांचं मत इतकं फिरलं कशामुळे?

मी सत्तावीस वर्षं चित्रपटांवर लिहितोय. या चित्रपटावर आजवर तीनदा लिहिलं, आणि पहिल्या खेपेला मीही 'थंड' हाच शब्द वापरला होता. तो शब्द मी केव्हाच मागे घेतला आहे. तरी तो सुचला का, याचा विचार मी अजून करतो, कारण तुम्हाला जे जाणवलं ते खोटं नाही. पडद्यावर थंडपणा आहे. मात्र तो टॉम रेगनचा, म्हणजे गॅब्रिएल बर्नने उभ्या केलेल्या माणसाचा आहे, आणि चित्रपट पहिल्या शॉटपासून त्या थंडपणाकडे बोट दाखवतोय. आम्ही तो दिग्दर्शकाच्या नावावर मांडला.

आधी त्या वेळची परिस्थिती बघू, कारण परीक्षणं हवेत लिहिली जात नाहीत. सप्टेंबर १९९० मध्ये न्यूयॉर्क फिल्म फेस्टिव्हलचा उद्घाटनाचा चित्रपट म्हणून 'मिलर्स क्रॉसिंग' दाखवला गेला. त्याच आठवड्यात स्कॉर्सेसीचा 'गुडफेलाज' अमेरिकेत लागला. डिसेंबरात 'गॉडफादर'चा तिसरा भाग आला. एकाच मोसमात तीन गँगस्टरपट, म्हणजे तुलना होणारच. 'गुडफेलाज' वेगवान, बोलका, अंगावर येणारा, शिवाय खऱ्या माणसाच्या आयुष्यावरचा. तो पाहून आलेल्या माणसाला 'मिलर्स क्रॉसिंग' म्हणजे काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू वाटली असेल, तर त्यात नवल नाही. अमेरिकेत त्याची कमाई ५० लाख डॉलरच्या आसपास थांबली, खर्चाच्या मानाने फारच थोडी. ऑस्करचं एकही नामांकन मिळालं नाही. सॅन सेबास्टियनच्या महोत्सवात मात्र जोएल कोएनला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. म्हणजे तेव्हाही सगळे विरोधात होते असं नाही.

सगळ्यात नेमका आक्षेप अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टचा होता. हा गँगस्टरपटासारखा दिसत नाही, गँगस्टरपटासारखी दिसावी म्हणून केलेल्या जाहिरातीसारखा दिसतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. तरीही त्याने चारपैकी तीन तारे दिले होते, आणि हे आज कुणी सांगत नाही. त्याचं वाक्य तेवढं फिरत राहिलं. मला हा आक्षेप चुकीचा वाटतो, पण उथळ अजिबात वाटत नाही. त्याने एक खरी गोष्ट पकडली होती: या चित्रपटातली प्रत्येक खोली, प्रत्येक कोट, प्रत्येक दिवा ठरवून ठेवलेला आहे आणि तो ठरवून ठेवल्याचं लपवलेलं नाही. लिओच्या ऑफिसमधली ती गडद लाकडाची भिंत बघा. दारूबंदीच्या काळातल्या एका बेनाम शहरातल्या टोळीप्रमुखाची ही खोली, की कलादिग्दर्शक डेनिस गॅसनरच्या स्वप्नातली? चित्रीकरण न्यू ऑर्लिन्समध्ये झालं, कारण तिथे जुन्या इमारती टिकून होत्या. पण पडद्यावर ते न्यू ऑर्लिन्स नाही, शिकागो नाही, कुठलंच शहर नाही. डॅशिएल हॅमेटच्या कादंबऱ्यांत असतं तसं, फक्त सत्तेच्या देवाणघेवाणीसाठी वसवलेलं गाव. 'द ग्लास की' आणि 'रेड हार्वेस्ट' यांचं ऋण कोएन बंधूंनी कधी लपवलं नाही.

आता 'शैली जास्त, आशय कमी' या ठरीव वाक्याबद्दल. गँगस्टरपटाला हे वाक्य लावताना दहादा विचार करावा, असं मी नव्या लिहिणाऱ्यांना नेहमी सांगतो. कपडे, गाडी, टोपी, बोलण्याची ढब हे या प्रकारात सुरुवातीपासूनच कथेचं अंग आहे. १९३२ च्या 'स्कारफेस'मध्ये टोनी आपले नवेकोरे शर्ट दाखवतो आणि रोज एक नवा घालणार म्हणतो. तो प्रसंग काढून टाका, टोनीच उरत नाही. जन्माने मिळालं नाही ते हा माणूस अंगावर चढवत असतो. म्हणून मी वेगळी कसोटी लावतो. एखादा देखणा शॉट समोर आला की विचारतो, हा साधा असता तर माझ्या माहितीत काय कमी झालं असतं? उत्तर 'काहीच नाही' असं आलं तर जाहिरातीचा आक्षेप मान्य. या कसोटीवर 'मिलर्स क्रॉसिंग'चे काही शॉट नापास होतात. पण तीन-चार प्रसंगांत तो असा पास होतो की बाकीच्यांकडे मी काणाडोळा करतो.

टोपीपासून सुरू करतो. नामावलीच्या वेळी जंगल दिसतं, वर बघणारा कॅमेरा, झाडांचे शेंडे. मग जमिनीवर एक काळी हॅट, आणि वारा ती उचलून आत, लांबवर घेऊन जातो. पुढे टॉम जागा होतो तो आदल्या रात्रीच्या जुगाराच्या गुंगीतून, आणि पहिली चौकशी करतो ती हॅटची. ती जुगारात हरलेली असते आणि व्हर्नाकडे गेलेली असते. व्हर्ना म्हणजे त्याच्या मालकाची, लिओची प्रेयसी, आणि चोरून टॉमचीही. त्याच वेळी प्रतिस्पर्धी जॉनी कास्परची सततची तक्रार असते की लोक आपल्याला 'हाय हॅट' देतात, म्हणजे तुच्छ लेखतात. नंतर टॉम व्हर्नाला आपलं स्वप्न सांगतो: जंगलातून चालत होतो, वाऱ्याने हॅट उडाली. ती म्हणते, तू मागे धावलास, पकडलीस आणि ती दुसरंच काहीतरी झाली, हो ना? तो म्हणतो, नाही, हॅट हॅटच राहिली आणि मी धावलो नाही. आपल्या हॅटमागे धावणाऱ्या माणसाइतकं मूर्ख कुणी नसतं.

पहिल्यांदा पाहताना मला हे फारच जुळवून आणलेलं वाटलं होतं. तिसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं की टॉम इथे समोरच्याला आणि आपल्याला एकदमच धमकावतोय: माझ्या गोष्टींत अर्थ शोधू नका. आणि अख्खा चित्रपट तो त्या हॅटमागे धावतच असतो. हरवते, परत मिळवतो, मार खाताना पडते, उचलून घालतो. मार तर तो किती खातो! लिओकडून, व्हर्नाकडून, कास्परच्या माणसांकडून, वसुलीवाल्यांकडून. नायक म्हणून बेतलेल्या माणसाला इतका मार खाताना मी क्वचितच पाहिलंय. इतकं होऊनही चेहऱ्यावर काही उमटू न देणाऱ्या माणसाला पाहून आम्ही लिहिलं, 'भावना नाहीत'. त्या दाबून धरायला किती कष्ट पडतायत हे आम्हाला दिसायला हवं होतं.

आता जंगलातला प्रसंग. हा मी एकदा शॉटगणिक थांबवून पाहिला, वहीत नोंदी करत. बर्नी (जॉन टर्टुरो) हा व्हर्नाचा भाऊ, लबाड बुकी. कास्परच्या फिक्स केलेल्या मॅचची खबर बाहेर विकतो म्हणून कास्परला तो मेलेला हवाय. टॉमने बाजू बदललेली, आणि खात्री पटवायला त्याच्याच हातून बर्नीला मारायचं ठरलेलं. दोन गुंड गाडीपाशी थांबतात, टॉम बर्नीला आत नेतो. बॅरी सॉननफेल्डच्या कॅमेऱ्यात सरळसोट उंच खोड, मळकट हिरवा-तपकिरी रंग, अंधुक उजेड. फ्रेममध्ये सगळ्या रेषा उभ्या. त्या उभ्या रेषांमध्ये आडवी-तिडवी, वाकडी गोष्ट एकच, तो म्हणजे बर्नी. रडतोय, वाकतोय, पडतोय, गुडघ्यावर येऊन विनवतोय की आपल्या हृदयात डोकावून बघ. टर्टुरोने तिथे लाज पूर्ण सोडली आहे, पाहवत नाही. आणि समोर टॉम, कोट-हॅट जागच्या जागी, त्या झाडांपैकीच एक झाल्यासारखा. गोळ्या सुटतात, पण बर्नीला लागत नाहीत. टॉम त्याला जाऊ देतो. जंगल असं रेखीव नसतं तर ताठ आणि वाकलेला हा विरोध मला डोळ्यांनी कळला नसता, तो कुणाला तरी संवादात सांगावा लागला असता.

पुढे त्याच जंगलात टॉमला परत आणतात, प्रेत दाखव म्हणून. प्रेत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणजे आता मरण ठरलेलं. तो चालतो, चेहरा तसाच निर्विकार, आणि मग एका झाडाला टेकून ओकतो. अख्ख्या चित्रपटात त्याच्या आतलं बाहेर येतं ते एवढंच. ज्यांना हा माणूस पुतळा वाटला त्यांनी हा शॉट पुन्हा पाहावा. मी स्वतः तो पहिल्यांदा जवळजवळ निसटू दिला होता, कारण लगेच पुढे कथा वळण घेते आणि लक्ष तिकडे जातं.

आणि 'डॅनी बॉय'. लिओ (अल्बर्ट फिनी) रात्री पलंगावर, तोंडात सिगार, रेकॉर्डवर गाणं चालू. खाली त्याच्या पहारेकऱ्याचा मुडदा पडलेला, त्याच्या सिगारेटने कागद पेटलेला. फळ्यांच्या फटीतून धूर वर येतो आणि लिओच्या लक्षात येतं. तो घाई करत नाही. सिगार विझवून झग्याच्या खिशात ठेवतो, सपाता पायात सरकवतो आणि पलंगाखाली जातो. मारेकऱ्याच्या घोट्यावर पहिली गोळी, तो कोसळल्यावर डोक्यात दुसरी. मग त्याचीच टॉमी गन घेऊन खिडकीतून खाली, जळत्या घरासमोर उभा राहून गोळीबार, पळणाऱ्या गाडीवरही, ती झाडावर आदळून पेटेपर्यंत. मग खिशातली सिगार काढून पुन्हा तोंडात. गाणं आयरिश गायक फ्रँक पॅटरसनने संकलित दृश्य समोर बघत गायलं, म्हणून त्याच्या ताना आणि गोळ्या इतक्या एकजीव वाटतात. कार्टर बरवेलचं बाकीचं संगीतही एका जुन्या आयरिश विलापगीतावर बेतलेलं आहे आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी त्याने लिहिलेलं ते पहिलंच.

हा प्रसंग 'निव्वळ शैली'चा नमुना म्हणून तेव्हाही दाखवला जायचा, आताही दाखवतात, फक्त आता कौतुकाने. मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. तो प्रसंग लिओच्या मनातल्या लिओचा आहे. इथे तो अजिंक्य आहे, म्हातारा असूनही, सपाता घालूनही. आणि यानंतर लगेच त्याच्या हातून शहर निसटायला लागतं, कारण हातात बंदूक असताना जो हरत नाही तो व्हर्नावर विश्वास ठेवून हरतोय. चित्रपटातला सगळ्यात उबदार, सुरेल प्रसंग सगळ्यात रक्तरंजित आहे, आणि तो उबदार माणसाच्या वाट्याला आलाय. टॉमच्या वाट्याला असं एकही गाणं नाही. ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. (लिओची भूमिका मुळात ट्रे विल्सनसाठी होती. चित्रीकरणाच्या थोडं आधी, जानेवारी १९८९ मध्ये, तो वारला आणि फिनी आला. फिनीशिवाय हा प्रसंग मला कल्पनेतही दिसत नाही.)

दुसरा आक्षेप कथानकाचा: फार गुंतागुंतीचं, कोण कुणाला विकतोय कळत नाही. हा मी बराचसा मान्य करतो. मिंक नावाचं पात्र (स्टीव्ह बुसेमी) एकाच प्रसंगात, तेही घाईघाईने बोलताना दिसतं, आणि पुढची अर्धी गुंतागुंत त्याच्यावर उभी आहे. ते नाव कानावरून गेलं की गाडी चुकलीच. पण त्या तक्रारीच्या पोटात दुसरीच तक्रार होती, असं मला आता वाटतं. रॉबर्ट वॉर्शोने १९४८ मध्ये गँगस्टरवर एक निबंध लिहिला, या विषयावरचा मूळ निबंधच म्हणा ना. त्याचं म्हणणं, हा शोकात्म नायक आहे: चढत जातो, एकटा पडतो, कोसळतो, आणि आपण त्याच्या रूपाने चढतो नि कोसळतो. प्रेक्षकाच्या अंगात हा आलेख इतका मुरलाय की तो नसला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. 'गुडफेलाज'मध्ये तो पुरेपूर आहे. 'मिलर्स क्रॉसिंग'मध्ये टॉम चढतही नाही, कोसळतही नाही. तो सुरुवातीला जिथे होता तिथून एक माणूस वजा होतो, एवढंच घडतं. ज्या भावनेची सवय होती ती मिळाली नाही आणि आम्ही लिहिलं, भावना नाही.

मतं फिरली कशी? एक कारण सरळ आहे, पुढच्याच वर्षी कोएन बंधूंच्याच 'बार्टन फिंक'ला कान महोत्सवात पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, शिवाय दिग्दर्शनाचं आणि टर्टुरोला अभिनयाचंही. १९९६ मध्ये 'फार्गो' आला. तोवर लोकांना कोएन बंधूंचा स्वर कानाला ओळखीचा झाला होता आणि ते मागे वळून हा चित्रपट बघायला लागले. २००५ मध्ये 'टाइम'च्या समीक्षकांनी निवडलेल्या १०० चित्रपटांत तो होता. २०२२ मध्ये निवडक चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियनने तो काढला. दुसरं कारण प्रतींचं. मी आधी व्हिडिओ टेपवर पाहिला होता, तिथे जंगलातला तो सगळा हिरवा-तपकिरी रंग चिखल होऊन बसतो आणि टॉमच्या हॅटखालचे डोळे दिसतच नाहीत. ज्या चित्रपटाचं अर्धं सांगणं सावलीत आहे, त्याचा न्याय तशा प्रतीवर करणं हा त्याच्यावर अन्यायच होता.

असं या प्रकारात पुन्हापुन्हा घडलंय. 'बॉनी अँड क्लाइड' १९६७ च्या ऑगस्टमध्ये लागला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक बॉस्ली क्राउदर याने तो झोडपला, एकदा नव्हे, वारंवार. न्यूजवीकच्या जो मॉर्गेनस्टर्ननेही झोडपला, पण प्रेक्षकांत बसून पुन्हा पाहिला आणि पुढच्याच अंकात आपलं चुकलं असं छापलं. मला समीक्षेच्या इतिहासात या कृतीबद्दल फार आदर आहे. ऑक्टोबरात पॉलीन केलचा दीर्घ लेख न्यूयॉर्करमध्ये आला आणि वारं पालटलं. वर्षअखेरीला टाइमच्या मुखपृष्ठावर तोच चित्रपट, नंतर ऑस्करची १० नामांकनं, आणि १९६८ पासून क्राउदर त्या पदावर नव्हता. 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका'ची तऱ्हा तर वेगळीच. १९८४ मध्ये कानला २२९ मिनिटांचा दाखवला, अमेरिकेत कापून १३९ मिनिटांचा केला, काळाच्या उड्या काढून घटना ओळीने लावल्या. ज्यांनी अमेरिकेत शिव्या घातल्या आणि ज्यांनी युरोपात डोक्यावर घेतला, ते दोन वेगळे चित्रपट पाहत होते. म्हणून जुनं परीक्षण वाचताना लिहिणाऱ्याने कोणती प्रत पाहिली हे मी आधी बघतो.

पण आताच्या सरसकट कौतुकातही मी सामील नाही. व्हर्नाचं पात्र कच्चं राहिलंय. मार्शा गे हार्डन ताकदीने उभी राहते, तरी चित्रपट तिला बर्नीची बहीण, लिओची प्रेयसी आणि टॉमचं गुपित एवढंच समजतो. तिला स्वतःला काय हवंय हे विचारायला कुणी थांबत नाही. संवाद काही ठिकाणी स्वतःवरच खूश आहेत. आणि कास्परचं घर मला अजूनही सजावटच वाटतं, तिथे ईबर्टचा आक्षेप लागू पडतो.

तुम्ही पुन्हा पाहणार असाल तर एक करा. कथानक आता माहीत झालंच आहे, तेव्हा कोण कुणाला फसवतोय त्याचा माग सोडून द्या आणि फक्त टॉम आणि लिओ एका फ्रेममध्ये कधी येतात ते बघा. किती अंतरावर उभे आहेत, कोण कुणाकडे बघतोय, कुणाच्या डोक्यावर हॅट आहे. जंगलात ज्या बर्नीला सोडलं तोच शेवटी पुन्हा हृदयाची आण घालतो, तेव्हा टॉम विचारतो 'कसलं हृदय?' आणि गोळी झाडतो. पूर्वी मी हे वाक्य त्याचा कबुलीजबाब म्हणून वाचलं होतं. त्यानंतर बर्नीच्या दफनाचा प्रसंग येतो. लिओ त्याला परत ये म्हणतो, सगळं माफ करतो, टॉम नको म्हणतो. लिओ झाडांमधल्या वाटेने पाठमोरा निघून जातो. टॉम हॅट डोक्यावर ठेवतो, पुढे ओढून नीट बसवतो, आणि मग तिच्या कडेखालून कॅमेरा जवळ येईपर्यंत त्या जाणाऱ्या माणसाकडे बघत राहतो. बर्नला तिथे एकही शब्द नाही. त्या डोळ्यांत काय दिसतं ते पाहून मला कळवा.